धुराचे पुन्हा इंधन होईल, पण कोणासाठी?

इयत्ता नववीच्या वर्गात ज्वलनाचा पाठ चालू असताना एका विद्यार्थ्याने आम्हांला विचारले, "सर, धुरापासून पुन्हा पेट्रोल करता येते म्हणे. मग कोळसा जाळायला हरकत काय, आणि झाडे तरी कशाला लावायची?" वर्ग हसला. आम्हांला मात्र हसता आले नाही. कारण प्रश्नाचा पहिला भाग खरा होता आणि दुसऱ्या भागातला तर्क आज जगातील शहाणीसुरती माणसेही करीत आहेत. तास संपला आणि उत्तर अर्धवट राहिले. संस्थेच्या या स्मरणिकेच्या निमित्ताने ते पूर्ण करण्याचा आमचा प्रयत्न आहे.

धूर म्हटले की चुलीवरचा, डोळ्यांना झोंबणारा धूर आठवतो. येथे अभिप्रेत आहे तो त्याच्याबरोबर निघणारा, डोळ्यांना न दिसणारा कार्बन डायऑक्साइड वायू. एक लीटर पेट्रोल जळाले की हा वायू सुमारे सव्वादोन किलो तयार होतो. पेट्रोलचे वजन पाऊण किलो आणि वायूचे सव्वादोन किलो, हे ऐकून विद्यार्थी चकित होतात. वाढलेले वजन हवेतून घेतलेल्या ऑक्सिजनचे असते. जळणे म्हणजे नाहीसे होणे नव्हे. कार्बनचा एकही अणू नष्ट होत नाही, तो फक्त ऑक्सिजनशी जोडला जातो. ही जोडणी तोडून कार्बन पुन्हा हायड्रोजनशी जोडता आला, तर राखेतून लाकूड परत मिळविल्यासारखे होईल. कृत्रिम इंधनाची सारी विद्या या एका वाक्यात आली.

ते करता येते, पण फुकट नाही. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत वरून येणारे पाणी चक्र फिरविते आणि खाली हौदात पडते. हौदातले पाणी पाणीच असते, त्यातला थेंबही वाया गेलेला नसतो. तरी त्याने चक्र पुन्हा फिरवायचे असेल तर कोणीतरी ते वर चढविले पाहिजे. कार्बन डायऑक्साइड हे असे हौदात पडलेले पाणी आहे. जळताना जेवढी ऊर्जा मिळाली, तेवढी आणि व्यवहारात तिच्याहून कितीतरी अधिक ऊर्जा परत मोजल्याशिवाय त्याचे इंधन होत नाही. कार्बन पुन्हा पुन्हा वापरता येतो. खर्च झालेली ऊर्जा मात्र नव्याने आणावी लागते. झाडे ती सूर्याकडून आणतात. माणसानेही ती सूर्याकडूनच आणावी, हा या संशोधनाचा गाभा आहे.

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातल्या सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००७ मध्ये 'सनशाइन टू पेट्रोल' हा प्रकल्प जाहीर केला. आरशांनी एकवटलेल्या उन्हाने धातूच्या ऑक्साइडची कडी तापवायची आणि तिच्याकरवी कार्बन डायऑक्साइडमधून ऑक्सिजनचा एक अणू काढून घ्यायचा, अशी ती कल्पना होती. बाजारात यायला किमान पंधरा-वीस वर्षे लागतील, असे तेव्हा सांगण्यात आले होते. ती वर्षे आता सरत आली आहेत.

त्याच वाटेने स्वित्झर्लंडमधील झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठाने पुढचे पाऊल टाकले. प्राध्यापक आल्डो स्टाइनफेल्ड यांच्या गटाने २०१९ मध्ये विद्यापीठाच्या गच्चीवर एक छोटा कारखाना चालवून दाखविला. त्याने शहराच्या हवेतूनच पाणी आणि कार्बन डायऑक्साइड वेगळे काढले. पुढची क्रिया दहावीच्या विद्यार्थ्यालाही समजेल अशी आहे. सेरियम ऑक्साइड नावाचा पदार्थ उन्हाच्या झोतात सुमारे १५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविला की तो आपल्यातला थोडा ऑक्सिजन सोडून देतो. मग त्याला काहीसे थंड करून त्यावरून पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. ऑक्सिजनसाठी भुकेला झालेला तो पदार्थ दोघांकडूनही ऑक्सिजन ओढून घेतो, आणि मागे हायड्रोजन व कार्बन मोनॉक्साइड यांचे मिश्रण उरते. सेरियम ऑक्साइड पूर्ववत झाला, चक्र पुन्हा सुरू. त्या मिश्रणापासून मिथेनॉल किंवा रॉकेल करण्याची रसायनविद्या शंभर वर्षे जुनी आहे. गच्चीवरच्या त्या कारखान्यातून दिवसाला सुमारे १०० मिलिलीटर इंधन मिळे, म्हणजे अर्धा पेला.

अर्ध्या पेल्याला हसू नये. २०२२ मध्ये याच गटाने स्पेनमध्ये माद्रिदजवळच्या मोस्तोलेस येथे १६९ आरसे एका मनोऱ्याकडे वळवून हेच काम मोठ्या प्रमाणावर केले आणि विमानाचे इंधन तयार करून दाखविले. २०२४ च्या जून महिन्यात जर्मनीतील युलिश येथे, याच विद्यापीठातून जन्मलेल्या सिनहेलियन कंपनीचा कारखाना सुरू झाला. त्याची क्षमता वर्षाला काही हजार लीटर आहे, आणि तेथे कार्बन सध्या जैविक टाकाऊ पदार्थांतून घेतला जातो. प्रश्नाचा पहिला भाग असा सिद्ध झालेला आहे. ही जादू नाही, थापही नाही.

आता हिशेब मांडू. स्पेनमधल्या मनोऱ्यावर पडलेल्या सूर्यऊर्जेपैकी ४.१ टक्के ऊर्जा त्या वायुमिश्रणात उतरली. एक लीटर रॉकेलात साधारण पावणेदहा युनिट ऊर्जा असते. आपल्याकडे चांगल्या उन्हात एका चौरस मीटरवर दिवसाला पाच युनिट ऊर्जा पडते असे धरले, तर एक चौरस मीटर आरशाला एक लीटरपुरते मिश्रण करायला दीड महिना लागेल. त्याचे द्रव इंधन करताना आणखी घट येईल ती वेगळी. वाया जाणारी उष्णता परत वापरली तर हे प्रमाण २० टक्क्यांच्या पुढे नेता येईल, असे संशोधक म्हणतात. तसे घडले तरी लीटरमागे नऊ-दहा दिवस लागतील. हवेचा हिशेबही असाच आहे. हवेत कार्बन डायऑक्साइड आहे ०.०४ टक्क्याच्या आसपास. एका लीटर रॉकेलाला तो अडीच किलो लागतो. त्यासाठी तीन हजार घनमीटरांहून अधिक हवा चाळावी लागेल, म्हणजे आमच्या शाळेतल्यासारख्या वीस वर्गखोल्यांतली सगळी हवा, आणि तीही त्यातला कणन्‌कण हाती लागला तर. पाण्याची भीती मात्र थोडी कमी आहे. रासायनिक हिशेबाने लीटरभर इंधनाला लीटरभर पाणी पुरते. आरसे धुवायला लागणारे पाणी वेगळे धरावे लागेल.

इतक्या कष्टाने मिळविलेले इंधन कशासाठी वापरावे? आमच्या मते येथे विवेकाची पहिली कसोटी लागते. उन्हापासून वीज करून ती सरळ विजेच्या मोटारीला दिली, तर त्या विजेतील सुमारे सत्तर टक्के ऊर्जा चाकांपर्यंत पोहोचते. त्याच विजेपासून आधी इंधन करून ते इंजिनात जाळले, तर पंधरा टक्क्यांच्या आसपास उरते. मोटारसायकल, रिक्षा, एस.टी., शेतातला पंप यांना कृत्रिम पेट्रोल पाजणे म्हणजे चंदनाची चूल पेटविण्यासारखे आहे. जेथे वीज सरळ चालते तेथे सरळ वीजच द्यावी. विमानाची गोष्ट निराळी. एक किलो रॉकेलात जेवढी ऊर्जा असते, तेवढी साठवायला आजच्या बॅटऱ्या चाळीस किलोंहून अधिक लागतात. एवढे ओझे घेऊन समुद्र ओलांडता येणार नाही. लांब पल्ल्याची जहाजेही त्याच अडचणीत आहेत. म्हणून युरोपीय संघाने २०३० पासून विमान-इंधनात १.२ टक्के कृत्रिम इंधन मिसळणे बंधनकारक केले आणि २०५० साठी ते प्रमाण ३५ टक्के ठरविले. कृत्रिम इंधनाचे उचित स्थान येथे, या थोड्या आणि अडलेल्या जागी आहे.

दुसरी कसोटी प्रामाणिकपणाची. कार्बन डायऑक्साइड कोठून घेतला, यावर सारे अवलंबून आहे. हवेतून घेतला, इंधन केले आणि जाळले, तर तो जेथून आला तेथेच परत गेला. चक्र पूर्ण झाले. पण कोळशाच्या धुराड्यातून घेतला, इंधन केले आणि विमानात जाळले, तर जमिनीखालचा कार्बन अखेर आकाशात गेलाच, फक्त वाटेत एक मुक्काम करून. एकाच कार्बनकडून दोन कामे करून घेतली एवढा लाभ खरा. तो निम्म्यापर्यंत बचत करील, शून्यापर्यंत नेणार नाही. मध्य प्रदेशातील विंध्याचल येथे एनटीपीसीच्या औष्णिक केंद्रात २०२२ मध्ये दिवसाला २० टन कार्बन डायऑक्साइड पकडणारा संच बसविण्यात आला आणि पुढे त्यापासून मिथेनॉलही करण्यात आले. प्रयोग म्हणून त्याचे मोल आहे. परंतु ते केंद्र ४,७६० मेगावॉटचे आहे आणि त्याच्या धुराड्यांतून रोज बाहेर पडणारा वायू हजारो टनांनी मोजावा लागतो. अशा प्रयोगाकडे बोट दाखवून कोणी नव्या कोळसा-केंद्राचे समर्थन करू लागला, तर तो गोणीतला एक दाणा दाखवून गोणी लपवीत आहे, असे आम्ही समजू.

तिसरी कसोटी न्यायाची आहे, आणि या संस्थेच्या स्मरणिकेत तिच्याविषयी बोलणे आम्हांला सर्वांत अगत्याचे वाटते. त्या वायुमिश्रणापासून द्रव इंधन करण्याची रीत फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रोप्श या दोन रसायनशास्त्रज्ञांनी १९२५ च्या सुमारास जर्मनीतील म्युलहाइम येथे शोधली. तेव्हा मूळ माल होता कोळसा. पुढे हिटलरच्या जर्मनीने आपली विमाने आणि रणगाडे चालविण्यासाठी कृत्रिम इंधनाचा मोठा उद्योग उभारला. आउश्वित्झजवळच्या मोनोविट्झ येथे कृत्रिम रबर आणि इंधनाचा कारखाना बांधण्यासाठी छळछावणीतील कैद्यांना राबविण्यात आले आणि त्यांतील हजारो मरण पावले. दक्षिण आफ्रिकेत १९५० मध्ये सासोल कंपनी स्थापन झाली. १९५५ पासून सासोलबर्ग येथे कोळशापासून इंधन निघू लागले. जगाने वर्णभेदी राजवटीचे तेल रोखू पाहिले, तेव्हा याच कारखान्यांनी तिला तग धरू दिला. म्हणूनच १९८० च्या जून महिन्यात आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या सशस्त्र दलाने सासोलवर हल्ला चढविला. रसायन तेच, नळ्याही त्याच. ते यंत्र कोणाच्या हाती होते आणि कोणाच्या घामावर चालले, यानेच त्याचे पुण्यपाप ठरले.

हे भान परमपूज्य बाबासाहेबांना पुरेपूर होते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना वीज हा विषयही त्यांच्याकडे होता. ऑक्टोबर १९४३ मध्ये विद्युतविकासावरील समितीपुढे बोलताना त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेचा आग्रह धरला. विजेची मालकी खासगी असावी की सरकारी, हा प्रश्न तेथेच मांडला. आणि हे सारे कशासाठी, तर या देशातील माणूस दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटावा म्हणून, हेही स्पष्ट केले. त्याच वर्षी डिसेंबरात ते धनबादच्या कोळसाखाणीत स्वतः उतरले आणि कामगार कसे राबतात, कोठे राहतात हे त्यांनी पाहिले. ऊर्जेची चर्चा करणारा मंत्री खाणीच्या तळाशी जाऊन माणसे पाहतो, हा धडा सौरऊर्जेच्या काळातही तितकाच लागू आहे.

कारण सूर्य मोफत असला तरी जमीन मोफत नाही. आरसे आणि सौरपट्टे मांडायला सपाट, भरपूर उन्हाची, रिकामी जमीन लागते. सरकारी कागदावर अशी जमीन 'पडीक' किंवा 'गायरान' म्हणून नोंदलेली असते. ती खरोखर रिकामी असते का? मराठवाड्यातल्या आणि विदर्भातल्या आमच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या आजोबांनी गायरानाचा तुकडा कसून संसार उभा केला. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांनी सत्याग्रह केले, तुरुंग भरले, ते अशाच जमिनीसाठी. उद्या आकाशातील विमानासाठी येथे आरशांचे रान उभे राहणार असेल, तर आधी त्या जमिनीवर पाय रोवून उभ्या असलेल्या माणसाला विचारले पाहिजे. त्याचा हक्क कागदावर आला पाहिजे, प्रकल्पात त्याला वाटा मिळाला पाहिजे आणि त्याच्या मुलाला तेथे पहारेकऱ्याच्या नोकरीपलीकडचे काम मिळाले पाहिजे. विमानाचे इंधन म्हणजे शुद्ध केलेले रॉकेलच. ज्या घरांनी रेशनच्या रांगेत उभे राहून लीटरभर रॉकेल आणले आणि त्याच्या चिमणीखाली मुलांना शिकविले, त्या घरांची जमीन दुसऱ्या कोणाच्या रॉकेलासाठी जाऊ नये, एवढीच ही मागणी आहे.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. कोसंबीच्या राजा उदयनाच्या राण्यांनी स्थविर आनंदांना पाचशे चीवरे दान दिली. राजाला ते रुचले नाही. इतक्या वस्त्रांचे हा भिक्खू काय करणार, कापडाचे दुकान घालणार की काय, असे त्याच्या मनात आले. त्याने आनंदांना गाठून विचारले. आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ही वाटू. मग त्या जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांचे? गाद्यांच्या खोळी. जुन्या खोळींच्या सतरंज्या, सतरंज्यांची पायपुसणी, पायपुसण्यांची धूळ झाडायची फडकी. आणि फडकीही विरली की चिखलात मळून त्यांनी जमीन सारवू. राजा संतुष्ट झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

पुनर्वापराची इतकी जुनी आणि इतकी नेटकी गोष्ट दुसरी आम्हांला ठाऊक नाही. या गोष्टीचा शेवट सर्वांच्या ध्यानात राहतो, आम्ही लक्ष वेधू इच्छितो ते तिच्या प्रारंभाकडे. आनंदांचे पहिले उत्तर काटकसरीचे नव्हते. नवे चीवर प्रथम कोणाला, तर ज्याचे फाटले आहे त्याला. पुनर्वापर त्यानंतर आला. आज कार्बनच्या पुनर्वापराची चर्चा करणारे बहुतेक लोक सारवणापासून सुरुवात करतात. फाटके चीवर कोणाचे, हे विचारायचे राहून जाते. त्याच गोष्टीत दुसरेही एक सत्य आहे. सारवणात मिसळलेल्या चिंधीचे पुन्हा चीवर होत नाही. व्हायचे असेल, तर नवा कापूस, नवे सूत, नवे श्रम लागतील. म्हणूनच शहाणा माणूस चिंधीचे चीवर करण्याची विद्या शिकतो, तरीही चीवर जपून वापरतो.

तेव्हा त्या विद्यार्थ्याला आमचे उत्तर असे. बाळ, धुरापासून इंधन होते, हे तू ऐकलेस ते खरे आहे. एकदा जाळायला क्षण लागतो आणि परत मिळवायला एका आरशाला दीड महिना, म्हणून कोळसा जाळायला हरकत आहे. झाड लावायचे, कारण ते हेच काम आरशाशिवाय आणि मनोऱ्याशिवाय करते. उन्हातला अगदी थोडा अंश वापरून करते खरे, पण वर सावली देते आणि फळही देते. आणि ही विद्या तू अवश्य शिकायची. त्या दीड महिन्याचे दहा दिवस करणारा कोणीतरी या वसतिगृहातून निघावा, अशी आमची मनोमन इच्छा आहे. मात्र ज्या दिवशी तुझा मनोरा उभा राहील, त्या दिवशी त्याच्या टोकाकडे पाहण्याआधी त्याच्या पायथ्याशी जा आणि विचार, की ही जमीन कोणाची होती, आणि त्याच्या घरात आज दिवा आहे ना.